त्रानीची नवी मशीद

दक्षिण इटलीतील बारी या बंदरी आम्ही उन्हाळ्यात तीन दिवस मुक्काम केला. बारीच्या जुन्या पेठेविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. वाचकांस सांगावयाचे आहे ते आगगाडीने तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या त्रानीविषयी.

मध्ययुगात या गावी यहुद्यांची चार प्रार्थनालये होती. तेराव्या शतकातील थोर भाष्यकार रब्बी यशया मूळचे येथलेच. पुढे प्रार्थनालयांची चर्चे झाली आणि 1541 मध्ये नेपल्सच्या राज्यातून यहुद्यांची अखेरची हकालपट्टी झाली. चारांपैकी दोन वास्तू उभ्या आहेत. 1247 सालच्या वास्तूत आता संग्रहालय आहे. दुसरी स्कोलानोव्हा. इटलीतील यहुदी प्रार्थनालयास 'स्कोला', म्हणजे शाळा म्हणत. ही 'नवी शाळा'. (शिक्षकाच्या कानास हे नाव गोडच लागणार!) मुंबईत 1796 च्या जुन्या मशिदीमागून दुसरी झाली, तेव्हा आपल्या वाडवडिलांनीही तिला 'नवी मशीद'च म्हटले.

या शतकाच्या पहिल्या दशकात स्कोलानोव्हा पुन्हा यहुद्यांच्या हाती आली. आमच्यासोबतच्या एका गृहस्थांच्या वडिलांची पुण्यतिथी दुसऱ्या दिवशी होती. कद्दीश येथेच म्हणावा, ही त्यांची फार इच्छा. परंतु आमच्यासह पुरुष भरले सातच. कोकणातून आपणांस कोणी हाकलले नाही, आपण स्वखुशीने निघालो. तरी अलिबाग-रेवदंड्याच्या मशिदींत मिन्यानची अडचण हीच आहे. त्या गृहस्थांनी त्याच संध्याकाळी रोमची गाडी धरली. तेथे दहा जण मिळाले.