उचल, खर्ची आणि वही

दिवाळी सरली की रायगड-ठाण्याकडच्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. पावसाळ्यात हाताला काम नसते. तेव्हा घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला बाजारहाटापुरती खर्ची मिळते आणि हिशेब होतो तो पावसाच्या तोंडावर. वही मालकाकडे, अंगठा मजुराचा. पुष्कळदा मजुराचे येणे निघतच नाही, देणेच निघते. पुढचा हंगाम तिथेच बांधला जातो.

जमाखर्च ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांना या वहीतील खोट ओळखायला वेळ लागू नये. गोदामासाठी विटा पाहायला गेलेल्या व्यापाऱ्याने भावाबरोबर थोडे अधिक पाहावे. हजारी दर मजुराला ठाऊक आहे का? त्याचे आधार कार्ड, शिधापत्रिका कोणाजवळ आहे? घरच्या मयतीला तरी गावी जाता येते का? शाळेच्या वेळी मुले विटा उलटवीत आहेत का? प्रश्न मजुराला आणि उत्तर मुकादमाचे, असे घडले तर आणखी विचारण्याची गरज उरत नाही.

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात वीटभाजणी अंगारजीविकेत धरली आहे, आणि केशवाणिज्यात पशूंबरोबर माणसांची विक्रीही. भट्टी चालवणे श्रावकाने वर्ज्य मानले, तरी विटा त्याच्या घराला लागतातच, उपाश्रयालाही लागतात.

इथे एक चूक सद्‌भावनेनेच होते. पर्युषणात खाटकाला पैसे देऊन बोकड सोडवणारे हात, मजुराची उचल भरून त्याला सोडवू पाहतात. परंतु १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज मुळातच रद्द झालेले आहे. ते वसूल करणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. पैसे चुकते करणारा दाता नसलेल्या कर्जाला खरेपणा देतो, आणि त्याच रकमेतून मुकादम दुसऱ्या कुटुंबाला उचल देऊ शकतो. हे कर्ज वेठबिगारीचे नव्हे, हे सिद्ध करण्याचा भारही कायद्याने धनकोवरच टाकला आहे. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाखाली सक्तीचे श्रमच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले.

म्हणून मालकाला जाब विचारू नये. रातोरात कुटुंबे हलवली जाण्याचा धोका असतो. जागा, अंदाजे कुटुंबे, मुलांची संख्या आणि जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहून जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बालके कामावर दिसली तर १०९८, मारहाण किंवा कोंडून ठेवणे चालू असेल तर ११२. सुटकेनंतर मुक्ती प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. पुनर्वसनाचे साहाय्य त्या कागदावर अवलंबून असते, आणि तो नसला तर पुढच्या पावसाळ्यात तेच कुटुंब पुन्हा उचलीसाठी मुकादमाच्या दारात उभे राहते.