मगरिब रात्री दहाला

अंटार्क्टिकाला निघालो तेव्हा मोहल्ल्यात कुणी तोंडावर बोललं नाही, पण पाठीमागे बोलणं झालंच, "बर्फ पाहायला एवढा पैसा?" खरं सांगायचं तर आमच्याही मनात चुटपुट होती. हज अल्लाहच्या कृपेने झालेला आहे, मुलींची लग्नं झाली आहेत, तरीही खर्च थोडा नव्हता. टोरांटोचा मुलगा एकच वाक्य बोलला, "अब्बा, दहा वर्षांत आपण सलग दहा दिवस एका छताखाली राहिलेलो नाही." त्यावर आम्ही दोघं गप्प झालो.

डिसेंबरच्या शेवटी आम्ही अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिण टोकाला, उशुआया बंदरात, जहाजावर चढलो. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. पायरीवर पाऊल ठेवताना सूरह हूदमधली नूह अलैहिस्सलामांची दुआ सगळ्यांनी मिळून म्हटली.

पहिलं काम म्हणजे धोक्याच्या भोंग्याची तालीम. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की लाइफ जॅकेट घालून ठरलेल्या जागी हजर. मग सूचना झाल्या. किनाऱ्यावर एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी उतरणार नाहीत, पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं, बूट जंतुनाशकात धुवायचे, कपड्यांत अडकलेलं गवताचं बीसुद्धा काढून टाकायचं. नात म्हणाली, "दादी, हे तर वुजूसारखंच!"

नातवाने विचारलं, "आपल्या देशातून इथे आधी कोण आलं होतं?" त्याला डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्याबद्दल सांगितलं. अलाहाबादचा जन्म, अलीगढचं शिक्षण, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी बर्फावर पोचली. पुढे ते जामिया मिल्लियाचे कुलगुरूही झाले. नातू बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

संध्याकाळी सहाला जहाज सुटलं. जेवणाचं आधीच कळवलं होतं, म्हणून मासे आणि भाजी मिळाली. नान-खलिया आठवला, पण तक्रार नव्हती.

खरा प्रश्न नमाजचा होता. औरंगाबादेत आपण पश्चिमेकडे तोंड करतो, इथे किबला जवळजवळ थेट पूर्वेला. जहाज बीगल खाडीतून पूर्वेकडेच चाललं होतं, म्हणजे किबला समोर. उद्या ड्रेक सामुद्रधुनीत ते दक्षिणेला वळलं की किबला डाव्या हाताला. सूर्य मावळला रात्री दहा वाजून गेल्यावर. पुढे इशाची खूणच दिसत नाही, कारण या दिवसांत इथे पूर्ण काळोख पडतच नाही.

निघण्यापूर्वी मुफ्तीसाहेबांना विचारलं होतं. त्यांनी सहीह मुस्लिममधल्या हदीसची आठवण दिली. एक दिवस वर्षाएवढा लांबेल तेव्हा एकाच दिवसाच्या नमाजा पुरतील का, असं सहाबांनी विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं की नाही, वेळेचा अंदाज बांधा. तसंच वेळापत्रक त्यांनी आम्हाला करून दिलं. सून रत्नागिरीची, शाफई. प्रवासात मगरिब-इशा एकत्र पढण्याची तिच्याकडे सवलत आहे. आम्ही हनफी, इशासाठी थांबलो. यावरून वाद झाला नाही, उलट मुलांना दोन्ही मार्ग समजले.

खोली एवढीशी. पलंगावरच्या उशा उचलून, बॅगा बाथरूममध्ये ठेवून दोन जानमाज कसेबसे अंथरले. मुलगा दाराशी उभा राहिला. परदेशी गेल्यापासून त्याची नमाज सुटत चालली होती. हे आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही कधी बोललो नव्हतो. त्या रात्रीही बोललो नाही. फक्त थोडं सरकून जागा केली. तो आला.

मध्यरात्री जहाज हलू लागलं. नातीला मळमळलं, तिची आई तिला धरून बसली. उभं राहता येत नसेल तर बसून नमाज होते, हे आम्ही नातवाला सांगत होतो. तेवढ्यात अंधुक उजेडात वरच्या पलंगावरून आवाज आला, "अब्बा, फज्रला मलाही उठवा."

लोक काय म्हणतील, याचा विचार आम्ही त्यानंतर केला नाही.