विश्लेषण : रोबोटिक शस्त्रक्रिया मध्येच थांबवून पोट का उघडतात?

स्वादुपिंडाच्या गाठीवर रोबोटिक शस्त्रक्रिया ठरलेली असते. रुग्ण बाहेर येतो तेव्हा मात्र पोटावर लांब टाके दिसतात. ‘रोबोट फेल गेला का?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा तसे नसते.

अडचण जागेची आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे, खोलवर असते आणि यकृताकडे रक्त नेणारी पोर्टल शीर त्याला खेटून जाते. गाठ या शिरेला चिकटली आहे का, हे स्कॅनमध्ये दर वेळी नेमके कळत नाही. त्यात बहुतेक रोबोटिक यंत्रांत सर्जनच्या बोटांना स्पर्श जाणवत नाही. भिस्त सगळी डोळ्यांवर.

गाठ सुटत नाही हे पाहून वेळेत पोट उघडणे वेगळे आणि शीर फाटल्यावर धावपळीत उघडणे वेगळे. दुसऱ्यात धोका जास्त. सर्जन टेबलापासून दूर, कन्सोलवर बसलेला असतो. रोबोटचे हात सोडवेपर्यंत रक्तस्राव आवरायचा तो टेबलाजवळच्या सहायकाने.

नेदरलँड्समध्ये व्हिपल शस्त्रक्रियेची ‘लेपर्ड-२’ चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. ती दुर्बिणीची होती, रोबोटची नव्हे. २०१९ च्या अहवालानुसार ९० दिवसांत दुर्बिणीच्या गटातील ५० पैकी ५ रुग्ण गुंतागुंतीमुळे दगावले. पोट उघडून केलेल्या ४९ पैकी १.

संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास ओपन’ अशी ओळ सहसा असते. सहीआधी विचारावे : या टीमला किती वेळा पोट उघडावे लागले, ठरवून की घाईत? आणि तसे झाल्यास रोबोटचे बिल लागणार का?