पावतीपुस्तकाबाहेरची मान्यता

सप्टेंबर 1989 मध्ये पुण्यातल्या टेल्कोचे (आजची टाटा मोटर्स) हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर बेमुदत उपोषणाला बसले. ज्या राजन नायरच्या शब्दाखातर ते बसले, त्याला कंपनीने आधीच बडतर्फ केले होते. आडनाव मल्याळी, कामगार बहुतांशी मराठी, आणि काळ ‘स्थानिक’ या शब्दाला धार असलेला. तरीही आपला नेता कोण, याविषयी त्या गर्दीच्या मनात किंतु नव्हता.

कायद्याचा हिशेब निराळा होता. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने सहा महिने किमान 30 टक्के सभासद दाखवणारी युनियन मान्यतेला पात्र ठरे. ती मोजणी पावतीपुस्तकावरची. कामगार वेगळे मोजतो: चार्जशीट मिळाली तेव्हा चौकशीत शेजारी कोण बसले, सुपरवायझर अंगावर आला तेव्हा शॉपमध्ये कोण धावले, करारात हाती किती पडले. शिवाय नेत्याला कामावरून काढले की त्याची पत वाढतेच. तो मॅनेज झालेला नाही, याचा दाखला व्यवस्थापनच आपल्या सहीने देऊन बसते.

मुंबईत 1982 मध्ये हेच घडले होते. गिरण्यांत कायद्याने प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघ. पण 18 जानेवारीला सुमारे 2.5 लाख कामगार संपावर गेले ते कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे.

अर्थात ही पत उधारीची असते. पुण्यात टेल्कोने दुसऱ्या युनियनशी पगारवाढीचा करार केला. 29 सप्टेंबरच्या पहाटे पोलिसांनी उपोषणकर्त्यांना गाड्यांत भरून नेले. आंदोलन लवकरच विरले. नेत्यावर जीव असला, तरी वाणी त्या भरवशावर किती महिने किराणा देणार?

आज पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक पट्ट्यात कायम कामगाराच्या शेजारी लाइनवर कंत्राटी आणि शिकाऊ पोरे उभी असतात. काम बरेचदा तेच, पगार मात्र कितीतरी कमी. कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार. त्यामुळे कंपनीतल्या युनियनच्या सभासदांत तो सहसा नसतो, तिने मिळवलेल्या पगारवाढीतही नसतो. उद्या त्याच्यासाठी जो गेटवर उभा राहील, त्याच्या मागे तो जाईल. झेंड्याचा रंग विचारणार नाही. हे नको असेल, तर प्रस्थापित युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांसाठी एक तरी कलम घालावे, आणि ते वगळलेल्या करारावर सही करू नये.