या वीकेंडला... रुळांवर या!

मॉल, मल्टिप्लेक्स, मग कॉफी... दर शनिवारी तेच? बोअर नाही होत?

लातूरची 'छोटी गाडी' आठवतेय? एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटी रूळ. 1897मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, 1911मध्ये लातूरला पोचली. शिरूर अनंतपाळहून लातूर गाठलं, की विठोबाच्या दर्शनाला पुढे हीच गाडी कामाला यायची. 2008पर्यंत लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली. सोय झाली, तक्रार नाही. पण जुनं जपायचं कुणी?

वेल्समध्ये बंद पडू घातलेली टॅलिलिनची छोटी रेल्वे 1951मध्ये हौशी मंडळींनीच चालवायला घेतली. जगातला असा पहिलाच प्रयोग! आजही स्वयंसेवक तिथे तिकिटं देतात, इंजिनं पुसतात. आठवडाभर ऑफिस, सुट्टीत कोळसा!

तेवढं लांब कशाला? पुण्यात कोथरूडला जोशी कुटुंबाचं छोट्या रेल्वेचं म्युझियम 1998पासून आहे. सिग्नल, पूल, धावत्या गाड्या... सगळं हौसेचं काम. तिकीट काढून जा, भाच्यांना न्या, मित्रांना सांगा. अशा जागा आपण गेलो तरच टिकतात.

आणि हो, गावी गेलात की आजोबांच्या ट्रंकेत डोकवा. छोट्या गाडीचं तिकीट, एखादा फोटो सापडेल. कोण, कुठे, कधी, हे त्यांना विचारून मागे लिहून ठेवा. म्युझियम कधीही उभं राहील हो... सांगणारे आजोबा मात्र आत्ताच आहेत!