अहवाल थांबला, चूक थांबली का?

लिनक्स कर्नलच्या केसीसॅन या तपासणी साधनाने डेटा रेस (एकाच चलाला दोन कोअर एकाच वेळी बिनबंदोबस्त हात लावतात ती चूक) दाखवली की त्या ओळीला 'रीड_वन्स' किंवा 'राइट_वन्स' लावायचं, कर्नल पुन्हा बिल्ड करायचा, अहवाल आला नाही की पॅच पाठवून मोकळं व्हायचं. ड्रायव्हर लिहिणाऱ्या वाचकांशी बोलताना ही सवय वारंवार दिसते. ती आपल्या क्षेत्रात मूळ धरण्याआधी मोडली पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमचे गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतले वाचक वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करतात, नाहीतर पुणे-बेंगळुरूच्या कंपन्यांसाठी घरून. त्यांतल्या पुष्कळांचं काम एका साच्याचं आहे: कोड लिहायचा आणि तपासायचा एक्स-86 लॅपटॉपवर, आणि चालवायचा आर्म प्रोसेसरच्या बोर्डावर. डेटा रेसच्या बाबतीत नेमका हाच प्रवास धोक्याचा आहे.

एक साधा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा. सेन्सरकडून माहिती आली की इंटरप्ट हँडलर ती बफरमध्ये भरतो आणि 'रेडी' या चलात 1 ठेवतो. दुसऱ्या कोअरवर एक थ्रेड 'रेडी'ची वाट पाहत लूपमध्ये फिरतो आणि 1 दिसताच बफर वाचतो. लॉक कुठेच नाही. 'रेडी' साध्या पद्धतीने वाचलं, तर कंपायलर ते लूपच्या बाहेर एकदाच वाचून ठेवू शकतो, कारण त्याच्या दृष्टीने लूपच्या आत ते कोणी बदलत नाही. मग थ्रेड कायमचा फिरत राहतो. केसीसॅन इथे बोट ठेवतो. आपण 'रेडी'च्या दोन्ही बाजूंना 'वन्स' लावतो, लूप सुटतो, अहवालही येत नाही. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं, कारण एक्स-86 एका कोअरची लेखनं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दाखवतो. आर्म ही हमी देत नाही. तिथे वाचणाऱ्याला 'रेडी' 1 दिसतं आणि बफरमध्ये मात्र जुनीच माहिती सापडते. इथे हवे होते क्रम राखणारे अडसर (बॅरिअर): लिहिताना 'एसएमपी_स्टोअर_रिलीज' आणि वाचताना 'एसएमपी_लोड_अ‍ॅक्वायर'. 'वन्स'ने कंपायलरला आवर घातला, प्रोसेसरला नाही. खनिज वाहणाऱ्या ट्रकवरच्या ट्रॅकरमध्ये अशी चूक गेली, तर ती महिन्यातून एकदा दिसेल आणि कार्यालयात कधीच दिसणार नाही.

म्हणून केसीसॅन काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. गूगलच्या मार्को एल्व्हर आणि सहकाऱ्यांनी तो 2019 मध्ये जाहीर केला आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये लिनक्स 5.8 बरोबर तो मुख्य कर्नलमध्ये आला. त्याची मूळ कल्पना मायक्रोसॉफ्टच्या डेटाकोलायडरची. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या साधनाने विंडोजच्या कर्नलमध्ये खात्रीच्या 25 सदोष रेस पकडल्या होत्या. पद्धत विलक्षण सरळ आहे. कंपायलर मेमरीच्या प्रत्येक वापरापाशी एक तपासणी घालतो. साधारण दर चार हजार वापरांमागे एखादा निवडून त्या पत्त्यावर पहारा बसवला जातो आणि तो कोअर क्षणभर, साध्या कामात जास्तीत जास्त 80 मायक्रोसेकंद आणि इंटरप्टमध्ये 20, रोखून धरला जातो. तेवढ्यात दुसऱ्या कोअरने त्याच पत्त्याला हात लावला, त्या दोघांपैकी किमान एक लेखन असलं आणि किमान एक वापर साधा असला, तर रेस प्रत्यक्ष घडताना सापडली. अहवालात दोघांचे स्टॅक समोरासमोर येतात. पहाऱ्यावर कोणी आलं नाही, पण मूल्य मात्र बदललं, तर अहवाल 'मूळ अज्ञात' म्हणतो. डीएमए करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणाऱ्या, उपकरणांच्या ड्रायव्हरमध्ये हा शेरा आला तर तो दुर्लक्षून पुढे जाऊ नका.

सिझबॉट या कर्नलच्या स्वयंचलित चाचणी यंत्रणेने केसीसॅन पहिल्यांदा चालवला तेव्हा सुमारे दोन दिवसांत तीनशेहून अधिक वेगवेगळ्या रेस निघाल्या. हा आकडा पाहून घाबरलेल्या देखभालकर्त्यांसाठी काही गाळण्या घातल्या गेल्या, आणि त्या आजही मूळ मांडणीत चालू आहेत. मूल्य बदललं नाही तर अहवाल नाही. शब्दाच्या आकाराचं, नीट संरेखित साधं लेखन अखंडच होतं असं धरून चालायचं, त्यामुळे रेसमधला साधा वापर फक्त असं लेखनच असलं तर तिथेही अहवाल नाही. म्हणजे 'आमच्या ड्रायव्हरवर केसीसॅन काहीच बोलला नाही' या वाक्याला 'कोणत्या मांडणीत?' या प्रश्नाशिवाय अर्थ नाही. स्वतःच्या कोडसाठी 'केसीसॅन_स्ट्रिक्ट' चालू करा. 2022 च्या 5.17 पासून त्याच्या जोडीला विस्कळीत मेमरी क्रमाचं अनुकरणही आहे, आणि आर्म-64 वर केसीसॅन त्याच आवृत्तीपासून चालतो. वरच्या उदाहरणात लिहिणाऱ्या बाजूचा अडसर राहून गेला, तर हे अनुकरण तो पकडू शकतं. वाचणाऱ्या बाजूचा राहिला तर मात्र नाही, कारण आधीच करून ठेवलेलं वाचन त्याला दाखवता येत नाही. तिथे माणसानेच कोड वाचावा लागतो.

आणखी एक गल्लत सर्रास होते. डेटा रेस नसणं म्हणजे क्रमाची चूक नसणं नव्हे. 'डर्टी काऊ' आठवा. 2007 च्या 2.6.22 पासून कर्नलमध्ये असलेली ती चूक 2016 च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्त झाली. कोणताही साधा वापरकर्ता तिच्या आधारे फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलमध्ये लिहू शकत होता. तिचं मर्म पानाची प्रत करण्याच्या टप्प्यांत होतं. प्रत्येक वापराला 'वन्स'सारखी बिनचूक खूण केली, तरी असे टप्पे चुकू शकतात. 'या काळात दुसरं कोणी इथे लिहिणार नाही' असा आपला समज असेल, तर 'असर्ट_एक्सक्लुझिव्ह_रायटर' लिहून तो कोडमध्येच नोंदवा. मग समज मोडला की केसीसॅन सांगेल, मग तो वापर खूण केलेला का असेना.

छोट्या कंट्रोलरवर लिनक्सऐवजी फ्रीआरटॉस हा छोटा रिअल-टाइम कर्नल चालवणाऱ्यांसाठी केसीसॅन नाही. तिथे लॉकऐवजी इंटरप्ट बंद करून किंवा शेड्युलर थांबवून काम होतं, त्यामुळे लॉक मोजणारी जुनी विश्लेषणंही उपयोगी पडत नाहीत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत निकिता चोप्रा, रेखा पै आणि दीपक डिसोझा यांनी अशा कर्नलसाठी डेटा रेसची व्याख्याच नव्याने मांडली आणि स्थिर विश्लेषण फ्रीआरटॉसवर चालवून दाखवलं. 2019 चा तो निबंध आपल्या वाचकांनी मिळवून वाचावा.

मराठी मुलखातून कर्नलच्या साधनांना हातभार लागलेला आहे. पुण्याच्या अमित काळे यांनी केजीडीबी हा कर्नल डीबगर बरीच वर्षं सांभाळला, आणि 2008 मध्ये 2.6.26 बरोबर तो मुख्य कर्नलमध्ये गेला. पण रेससाठी डीबगर अपुरा पडतो: ब्रेकपॉइंटवर सगळे कोअर थांबतात आणि ज्या वेळेच्या जुळणीतून चूक उगवते ती जुळणीच मोडते. उरलेलं, म्हणजे रेस शोधण्याचं, काम आता आपल्याकडे आहे, आणि त्याला महागडी यंत्रणा लागत नाही. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी चार कोअरच्या लॅपटॉपवर क्यूईएमयू या आभासी यंत्रात केसीसॅनचा कर्नल चालवू शकतो. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय आम्हाला सुचत नाही.

एक विनंती मात्र आजपासूनच पाळता येईल. डेटा रेसचा पॅच पाठवताना वर्णनात तीन गोष्टी लिहा: हे चल कोण लिहितं, कोण वाचतं, आणि त्या दोघांमध्ये कोणता लॉक, अडसर किंवा नियम आहे. खरोखरच काही नको असेल, म्हणजे ती निव्वळ आकडेवारी असेल आणि चुकीचा आकडा चालणार असेल, तर 'डेटा_रेस' ही खूण करा आणि का चालतं ते टिपेत सांगा. आणि यातलं काहीच सांगता येत नसेल, तर पॅच अजून तयार नाही. तो पाठवू नका, आणि परीक्षक असाल तर स्वीकारू नका.