अठराव्या वर्षाचे प्रश्न

दरवर्षी १२ जानेवारीला शाळा-महाविद्यालयांतून स्वामी विवेकानंदांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो. १९८५ पासून हा दिवस 'राष्ट्रीय युवा दिन' म्हणून देशभर साजरा होतो. त्या निमित्ताने तेजस्वी विचारांची आठवण करून दिली जाते, तरुणांना श्रद्धेचे महत्त्व सांगितले जाते. मात्र १८८१ च्या सुमारास श्रीरामकृष्णांकडे गेलेला अठरा वर्षांचा नरेंद्र श्रद्धेची शिदोरी बांधून गेला नव्हता, याचा उल्लेख या भाषणांत अभावानेच होतो. आपण ईश्वर पाहिला आहे काय, हा रोकडा प्रश्न घेऊन तो फिरत होता आणि समाधान झाल्याखेरीज कोणापुढेही मान तुकवण्यास तयार नव्हता. त्या नरेंद्राला आपण आज हार घालतो. परंतु आपल्याच घरातील अठरा वर्षांच्या मुलीने 'ही पूजा कशासाठी?' असे विचारले, तर आपल्या कपाळावर आठी चढते. 'हल्लीच्या मुलांना संस्कारच नाहीत' असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. हा निवाडा किती उतावळा असतो, हे पाहायचे असेल, तर नरेंद्राच्याच एका शिष्येच्या पौगंडावस्थेकडे पाहिले पाहिजे.

ही शिष्या म्हणजे भगिनी निवेदिता. कोलकात्याच्या गल्लीतील त्यांचे सेवाकार्य आपणांस ठाऊक असते. त्यामागची मार्गारेट नोबल ही शाळकरी मुलगी मात्र आपल्या फारशी परिचयाची नसते. आयर्लंडमधील डनगॅनन या गावी २८ ऑक्टोबर १८६७ रोजी तिचा जन्म झाला. वडील सॅम्युएल नोबल ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, आजोबाही धर्मोपदेशक. वडील गोरगरिबांच्या वस्तीत जात, तेव्हा लहानगी मार्गारेट त्यांच्यासोबत असे. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, उपाशी घरात शिधा पोहोचवणे हाही प्रार्थनेचाच भाग आहे, हे तिला कोणी व्याख्यान देऊन शिकवले नाही. ते तिने डोळ्यांनी पाहिले. ती दहा वर्षांची असताना वडिलांचे अकाली निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेली ही शिकवण मात्र पुढे सर्व मतांतरांतून टिकून राहिली. निवेदितांच्या जीवनाचा गौरव करताना हे ऋण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सेवेची ओल त्यांना पित्याच्या घरातूनच मिळालेली होती.

पुढे मार्गारेट व तिची धाकटी बहीण हॅलिफॅक्स येथील वसतिगृहयुक्त शाळेत दाखल झाल्या. शाळेची शिस्त कडक आणि धर्मशिक्षण अनिवार्य होते. साहित्य, संगीत आणि विज्ञान यांची गोडी तिला तेथेच लागली. सतरा वर्षांची होताच शिक्षण आटोपून १८८४ मध्ये तिने केसविक येथे शिक्षिकेची नोकरी धरली. घरची स्थिती बेताची असल्याने कमावणे भाग होते. आणि येथेच, वयाच्या अठराव्या वर्षानंतर, तिच्या मनात धर्ममतांविषयी संशयाचे वादळ उठले.

या वादळाची हकीकत आपणांस अन्य कोणाकडून मागावी लागत नाही. ऑक्टोबर १९०२ मध्ये, गुरूंच्या महासमाधीला जेमतेम तीन महिने होत असताना, निवेदिता मुंबईत आल्या होत्या. तेथील हिंदू स्त्रियांच्या एका मंडळापुढे, आपण हिंदू धर्म का स्वीकारला, या विषयावर त्या बोलल्या आणि आपल्या तारुण्यातील ही अवस्था त्यांनी मोकळेपणाने सांगितली. बालपणी शिकवलेली अनेक मते सत्याशी विसंगत वाटू लागली. ही डळमळीत अवस्था तब्बल सात वर्षे टिकली. त्या काळात चर्चमध्ये जाणे त्यांनी टाळले. पण कधी कधी जीव इतका कासावीस होई, की शांती मिळेल या आशेने त्या पुन्हा तेथेच धाव घेत आणि रित्या हाताने परतत. गुरुवियोगाचे दु:ख ताजे असताना, अपरिचित स्त्रियांपुढे स्वत:च्या अश्रद्धेची ही कहाणी सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपली श्रद्धा त्या अस्वस्थतेच्या पोटी जन्मली, हे त्या जाणून होत्या.

आता प्रश्न असा, की या सात वर्षांत मार्गारेटने काय केले? संशयाने ग्रासलेला तरुण बहुधा दोहोंपैकी एका वाटेने जातो. एक तर तो सर्वांची टिंगल करू लागतो, किंवा हातपाय गाळून बसतो. मार्गारेटने काम सोडले नाही. १८८६ मध्ये ती रग्बी येथील अनाथ मुलींच्या संस्थेत शिकवत होती. तेथून ती वेल्समधील रेक्सहॅम या कोळसा खाणींच्या गावी गेली. खाणकामगारांच्या वस्तीत ती घरोघर जाई, त्यांची दैना पाही आणि स्थानिक वृत्तपत्रांतून त्यावर लिही. देवाविषयीचे उत्तर सापडलेले नव्हते. पण म्हणून समोरच्या लेकराला अक्षर शिकवण्याचे थांबवावे, असे तिला वाटले नाही. पुढे तिने पेस्टालोझी आणि फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञांच्या विचारांचा अभ्यास केला आणि लंडनजवळच्या विंबल्डन येथे स्वत:ची शाळा काढली. मुलाने खेळातून, हाताने काही घडवत आणि स्वत: प्रश्न विचारत शिकावे, ही त्या विचारांची दिशा. प्रश्नांनी जिला छळले, तिनेच मुलांच्या प्रश्नांना वर्गात मानाचे पान दिले.

कामाने तिचा तोल सांभाळला, तर ग्रंथांनी तिला वाट दाखवली. प्रथम ती निसर्गविज्ञानाकडे वळली. सृष्टीच्या नियमांत तिला सुसंगती आढळली. पण त्यामुळे धर्ममतांतील विसंगती अधिकच खुपू लागली. अशा वेळी बुद्धाचे एक चरित्र तिच्या हाती आले. ख्रिस्ताच्याही कित्येक शतके आधी, दुसऱ्या एका भूमीत, तितकाच असीम त्याग करणारा एक राजपुत्र होऊन गेला, या जाणिवेने ती भारावली आणि पुढील तीन वर्षे बौद्ध विचारांच्या अभ्यासात बुडून गेली. इंग्लंडच्या सामान्य वाचकापर्यंत बुद्धचरित्र पोहोचवणारे 'लाइट ऑफ एशिया' हे काव्य १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याचे कर्ते एडविन अर्नोल्ड हे एकेकाळी आपल्या पुण्यातील सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी. पुस्तके केव्हा, कोठे आणि कोणाच्या अंत:करणात रुजतील, याचा हिशेब कोणालाच मांडता येत नाही.

नोव्हेंबर १८९५ मध्ये लंडनच्या एका घरगुती बैठकीत मार्गारेटने स्वामीजींना प्रथम ऐकले. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. तरीही ती तत्काळ शरण गेली नाही. यात नवे असे काय आहे, हीच तिची पहिली प्रतिक्रिया होती. त्यानंतरही तिने प्रत्येक विधानावर 'पण' आणि 'का' यांचा मारा चालू ठेवला. स्वामीजींना याचा राग आला नाही. आपणही गुरूंशी सहा वर्षे झगडलो, म्हणूनच ही वाट आपल्याला पावलापावलाने ठाऊक आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार निवेदितांनीच नोंदवून ठेवले आहेत. इतकेच नव्हे, तर ती भारतात येण्यास सिद्ध झाली, तेव्हा २९ जुलै १८९७ च्या पत्रात त्यांनी येथील दारिद्र्य, उष्मा, अंधश्रद्धा आणि दोन्ही समाजांकडून वाट्यास येणारा संशय यांचे चित्र काहीही न झाकता तिच्यापुढे ठेवले. कार्यकर्ता जोडताना खरी अडचण लपवू नये, हा धडा प्रत्येक संघटकाने या पत्रातून घ्यावा असा आहे.

२८ जानेवारी १८९८ रोजी ती कोलकात्यास उतरली आणि २५ मार्च रोजी ब्रह्मचर्यदीक्षा घेऊन निवेदिता झाली. परदेशातील सेवा कशी असावी, याचा वस्तुपाठ येथून पुढे सुरू होतो. राज्यकर्त्या समाजातील ही विदुषी बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत राहिली, बंगाली शिकली, तेथील सोवळ्या-ओवळ्याचे निर्बंध तिने सोसले. १३ नोव्हेंबर १८९८ रोजी श्री सारदामातांच्या आशीर्वादाने तिने मुलींची शाळा सुरू केली आणि त्यासाठी घरोघर जाऊन पालकांची विनवणी केली. १८९९ मध्ये प्लेगने शहर ग्रासले, तेव्हा रामकृष्ण मिशनच्या मदतकार्यात निवेदितांनी झाडू हाती घेऊन गल्ल्या साफ केल्या आणि प्लेगने मरणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या. उद्धारकर्त्याचा आव त्यात नव्हता. ज्यांची सेवा करायची, त्यांच्याकडून आधी शिकायचे, ही त्यांची रीत होती.

आता आपल्या घरांकडे वळू. दहावी-बारावीच्या मुलाचा दिवस पहाटेच्या शिकवणीने सुरू होतो आणि रात्रीच्या सराव परीक्षेने संपतो. वाचन उरते ते गुणांपुरते. सेवेचा विचार करावा, तर राष्ट्रीय सेवा योजनेसारखा उत्तम उपक्रम १९६९ पासून देशात आहे. पण आपल्यापैकी कित्येक पालक त्याकडे किती तास भरले आणि प्रमाणपत्र कधी मिळणार, एवढ्याच दृष्टीने पाहतात. राहिली श्रद्धा. तिच्याविषयीचे प्रश्न घरात विचारण्याची सोय नसते, म्हणून मुले ते भ्रमणध्वनीच्या पडद्याला विचारतात. तेथे उत्तरे देणारे पुष्कळ असतात. त्या मुलाच्या हिताची काळजी वाहणारा त्यांत कोणी असेलच, असे नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रश्नांना अशी मोकळीक दिली, तर मुले परंपरेपासून दुरावणार नाहीत काय? आक्षेप प्रामाणिक आहे. उत्तरही प्रामाणिक असावे. काही मुले दुरावतीलही. प्रत्येक मार्गारेटची निवेदिता होत नाही. परंतु ज्या परंपरेने कठोपनिषदात नचिकेत या बालकाला प्रत्यक्ष यमधर्मासमोर उभे केले, त्याने प्रलोभने नाकारून प्रश्न लावून धरला म्हणून त्याचा गौरव केला, त्या परंपरेला प्रश्नांचे भय वाटण्याचे कारण नाही. दरडावून गप्प केलेले मूल श्रद्धावान होत नाही. ते केवळ गप्प होते. आणि मनात संशय असूनही जो तरुण रुग्णाच्या उशाशी रात्र काढतो, त्याला आपण गमावले असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

म्हणून पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी काही साध्या गोष्टी अंगी बाणवाव्यात. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर तसे सांगावे आणि त्याच्यासह ते शोधावे. त्याच्या हाती तयार निष्कर्षांच्या पुस्तिका देण्याऐवजी चरित्रे द्यावीत, इतर धर्मांतील सत्पुरुषांचीही द्यावीत. निवेदितांना वाट दिसली ती दुसऱ्या भूमीतील महापुरुषाच्या चरित्रातूनच. सुट्टीत त्याला अशा ठिकाणी न्यावे, जेथे त्याची खरोखर गरज आहे: वस्तीतील अभ्यासिकेत, रुग्णालयात, वनवासी पाड्यावरील शाळेत. तेथे छायाचित्रासाठी जायचे नाही, पुन:पुन्हा जायचे. आणि शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलाला 'तेथे आपली संस्कृती जप' एवढेच सांगून थांबू नये. ज्या गावात राहशील, तेथील लोकांची भाषा शीक, त्यांच्या अडीअडचणीला धावून जा, हेही सांगावे. निवेदितांनी भारताचे ऋण मानले. आपल्या मुलांनी ज्या भूमीचे अन्न खावे, तिचे ऋण मानणे हाच त्या कर्जाच्या परतफेडीचा सन्मार्ग आहे.

१३ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाची चव्वेचाळीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, निवेदितांनी दार्जिलिंग येथे देह ठेवला. बागबाजारची त्यांची शाळा आज शतकानंतरही चालू आहे. एका अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या शंकांसकट काम करू दिले गेले, वाचू दिले गेले, वाट पाहू दिली गेली, त्याचे हे फळ. येत्या १२ जानेवारीला प्रतिमेला हार अवश्य घालावा. परंतु त्या सायंकाळी आपल्या घरातील मुलामुलींना जवळ बसवून, त्यांच्या मनात कोणते प्रश्न आहेत, हेही विचारावे. आणि उत्तर देण्याची घाई न करता ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.